केर, राख आणि परस

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे नाव आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेले असते. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी लिहिला गेलेला हा राजनीतीचा ग्रंथ. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, हा त्यातला भाग व्याख्यानांतून वारंवार येतो. गडांच्या बंदोबस्ताच्या प्रकरणात मात्र एक अगदी घरगुती गोष्ट आहे आणि तिच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. गडावरच्या वाटा, बाजार, तटाच्या कडेची जागा इथे केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा. आणि ती राख परसात घालून घरोघर भाजीपाला करावा, असा त्या सूचनेचा आशय आहे.

पाच छत्रपतींचा काळ पाहिलेल्या अमात्याने गडावरच्या केराला ग्रंथात जागा द्यावी, याचे मला पहिल्यांदा नवल वाटले. पण गडावर राहणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले की ते नवल राहत नाही. गडावर माती थोडी, पाणी टाक्यातले, बैलगाडी वर येत नाही. तटावरून खाली टाकलेली प्रत्येक पाटी म्हणजे गडावरून कायमची गेलेली माती. वेढा पडला तर परसातली मूठभर चाकवत-मेथीसुद्धा मोलाची. म्हणून केर गडाबाहेर जाऊ द्यायचा नाही. झाडायचा, पण घरच्या हद्दीतच जिरवायचा.

आपल्या हुबळी-धारवाडात गेल्या पन्नास-साठ वर्षांत नेमके उलटे झाले. माळमड्डी, सप्तापूर, देशपांडेनगर, विद्यानगर येथल्या जुन्या घरांच्या आवारातला आंबा, फणस, देशी बदाम, चाफा दरवर्षी पाने गाळतात ती तेवढीच. पण ती आता आवाराबाहेर जातात. काही टिपरमधून जातात, काही धुरातून. हे कसे घडले आणि त्याआधी आपल्या मुलखात पाचोळ्याचे काय होत असे, ते जमेल तेवढे जुळवून लिहितो आहे. मी सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, इतिहासाचा पदवीधर नव्हे. पण हा इतिहास दप्तरखान्यात कमी आणि परसात जास्त आहे, म्हणून धाडस केले.

आज्ञापत्रात जाळायला सांगितले आहे हे खरे, आणि आज आपण जाळू नका म्हणतो. दोन्हींचा मेळ लावायचा तर कोकणातला राब पाहावा लागतो. राब म्हणजे भाताची रोपे टाकण्याआधी जमीन भाजणे. उन्हाळ्यात ठाणे, कुलाबा, रत्नागिरी आणि घाटमाथ्यावरच्या मावळात शेतकरी वाफ्यावर शेण पसरतो, त्यावर झाडाचा तोडलेला टहाळ, मग गवत आणि पालापाचोळा, सर्वांत वर बारीक मातीचा हात. मग पेटवायचे, पण भडकू द्यायचे नाही, धुमसत ठेवायचे. पहिल्या पावसात त्याच जागी बी फेकले की रोप जोमदार येते. १८७८ चा जंगल कायदा आल्यावर या टहाळावर निर्बंध आले, तेव्हा ठाणे-कुलाब्याचे शेतकरी हवालदिल झाले. मुंबई सरकारने १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमले, त्याच्यासमोरचा एक मोठा प्रश्न हाच होता, की राबासाठी फांदी तोडण्याचा हक्क रयतेला आहे की नाही. ज्या पानांना आज आपण कचरा म्हणतो, त्या पानांसाठी सरकारला कमिशन नेमावे लागले होते!

साहेब लोकांपैकी काहींना राब हा अडाणीपणा वाटे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी तो प्रयोगशाळेत नेला. १९१२ मध्ये मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या तिघांच्या नावाने पश्चिम हिंदुस्थानातल्या राब पद्धतीवर एक सविस्तर शास्त्रीय निबंध सरकारी शेतीखात्याने छापला. राबाचा गुण केवळ राखेने समजावून सांगता येत नाही, मातीला बसणाऱ्या शेकाचाही त्यात मोठा वाटा आहे, असे त्यातून पुढे आले. यातले कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीवरच्या संशोधनासाठी नावाजले गेले.

म्हणजे जाळण्यालाही आपल्याकडे एक शिस्त होती. राख जिथे पडायची तिथेच पीक उभे राहायचे. जळताना पानातला नत्र आणि बहुतेक सगळा कर्ब हवेत जातो, हाती उरते ते पालाश आणि चुना. तेवढे तरी परसाला मिळे. आज गल्लीच्या कोपऱ्यावर जानेवारी-फेब्रुवारीत जो ढीग पेटतो, त्याची राख पहिल्या वळवाला गटारात जाते. अमात्यांच्या सूचनेतला पहिला अर्धा भाग आपण पाळतो आणि दुसरा अर्धा विसरलो.

न जाळता पाने जिरवण्याची याहून जुनी आणि मला याहून शहाणी वाटणारी रीत आपल्या अगदी शेजारी आहे. हुबळीहून एसटी धरली तर काही तासांत शिरसी येते. शिरसी, सिद्दापूर, यल्लापूर या भागात हव्यक ब्राह्मणांच्या सुपारीच्या बागा आहेत. या बागांना लागून ‘सोप्पिनबेट्ट’ असते. सोप्पू म्हणजे पाला, बेट्ट म्हणजे डोंगर. पाल्यासाठी राखलेला डोंगर. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे आला. त्या राजवटीत जंगलखात्याने एक एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत बेट्ट बागाइतदाराच्या वापराला तोडून दिलेला होता. बागेच्या नऊपट जमीन केवळ पानांसाठी! यावरून पानाची किंमत काय होती ते कळावे.

तिथली रीत अशी. झाडावरची हिरवी पाने आणि खाली पडलेली सुकी पाने गोळा करून आधी गोठ्यात जनावरांखाली अंथरतात. गुरे त्यावर बसतात, तुडवतात, शेण-मूत त्यात मुरते. मग तो चिकट काळा थर उचलून खड्ड्यात, आणि कुजला की बागेत सुपारी, वेलदोडा, मिरवेलीच्या मुळाशी. पान झाडावरून थेट मातीत जात नाही, गाईच्या पायाखालून जाते. या मधल्या मुक्कामाला फार अर्थ आहे, तो पुढे इंदूरला कळतो. पुण्याचे माधव गाडगीळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना उत्तर कन्नडच्या जंगलांचा वर्षानुवर्षे अभ्यास करत राहिले, त्यात या बेट्टांचाही अभ्यास आला. सगळे बेट्ट सारखे राखले गेले नाहीत. काही हिरवेगार राहिले, काही ओरबाडून बोडके झाले. जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही.

आता आपल्या घराकडे. धारवाडला मराठी घरे काही एका दिवसात आली नाहीत. कोणी १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने किल्ला घेतला त्या वेळचे, कोणी १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे निघून तिची मुख्य कचेरी इथे आली त्यानंतरचे, कोणी शाळाखात्यात बदलून आलेले आणि राहिलेले. पण घर बांधताना सगळ्यांनी मागे परस ठेवले. कानडीत त्याला हित्तल म्हणतात, आणि आपल्या घरांतही ‘हित्तलात जा रे, कढीलिंब आण’ असे वाक्य अगदी सहज निघते. परसात विहीर किंवा नळ, न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळूचे आणि केळीचे आळे, एखादे कागदी लिंबू, शेवगा, तुळशीवृंदावन, आणि एका कोपऱ्यात उकिरडा, म्हणजे कानडीतली तिप्पे.

या परसात पाचोळ्याला तीन गिऱ्हाइके होती. पहिले गिऱ्हाईक गाय. घरात एक तरी गाय किंवा म्हैस असे, तिच्याखाली पाने अंथरली जात आणि तिथून ती तिप्पेत जात. दुसरे गिऱ्हाईक न्हाणीघरातला बंब किंवा चुलीवरचा हंडा. सुकी पाने, काटक्या, नारळाच्या झावळ्या, करवंट्या यांवर सकाळचे पाणी तापे. त्याची राख भांडी घासायला आणि उरली तर आळ्यात. वांग्या-भेंडीच्या पानांवर मावा पडला की तीच राख भुरभुरायची. तिसरे गिऱ्हाईक खुद्द आळे. केळीच्या बुडाशी पाने लोटली की सांडपाण्याने ती ओली राहत आणि आपोआप कुजत. खराटा घेऊन अंगण झाडणारी बाई पाने ‘टाकत’ नसे, या तिघांपैकी कोणाला तरी ‘घालत’ असे. ‘पाचोळा घाल’ आणि ‘कचरा टाक’ या दोन बोलांत सगळा फरक आहे.

ही तिन्ही गिऱ्हाइके एकेक करून गेली. गाय घरातून गेली, कारण चारा महागला, जागा कमी झाली आणि दूध पिशवीतून येऊ लागले. बंबाच्या जागी गिझर आला, त्यानंतर सोलर. न्हाणीचे पाणी जमिनीखालच्या गटारात गेले, ते डासांच्या दृष्टीने चांगलेच झाले, पण केळीचे आळे कोरडे पडले. मग उरलेल्या अंगणात फरशी बसवली. फरशीवर पडलेले पान कुठे जाणार? ते कुजू शकत नाही, उडते, शेजाऱ्याच्या दारात जाते, त्यावरून दोन शब्द होतात. तेव्हा ते ‘कचरा’ झाले. कोणी ठरवून आळशीपणा केला असे नाही. ज्या घरात हे घडले तिथे प्रत्येक पाऊल आपापल्या जागी बरोबरच होते. म्हणून पाचोळ्यावर उपाय शोधताना नुसते ‘जुन्यासारखे करा’ म्हणून चालत नाही. गाय नसताना, बंब नसताना, चार फूट जागेत काय करता येते, ते विचारावे लागते. आणि गंमत अशी की हाच प्रश्न आपल्याच मंडळींनी विसाव्या शतकात तीनदा तरी विचारला आणि सोडवला.

पहिला मुक्काम इंदूर. होळकरांचे इंदूर, मराठी घरांचे इंदूर. तिथे १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समितीचा आणि मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांचा, जमीन होळकर दरबारची, संचालक अल्बर्ट हॉवर्ड. हे गृहस्थ १९०५ पासून हिंदुस्थानात होते आणि इथल्या शेतकऱ्यालाच आपला गुरू म्हणायला त्यांना संकोच वाटत नसे. इंदूरची जमीन काळी, कापसाची. म्हणजे आपल्या हुबळी-नवलगुंदकडची तशी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात पाय निघणार नाही असा चिखल. या मातीला कुजलेले खत पाहिजे, आणि शेण तर चुलीत जाते. मग शेतातला पाला, तण, कापसाच्या पऱ्हाट्या, उसाचे पाचट यांचेच खत का करू नये, या विचारातून ‘इंदूर पद्धत’ निघाली.

तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन-तीन फूट खोल असा खड्डा. त्यात आदल्या रात्री बैलांखाली अंथरलेला मिश्र पाला, थोडे शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर. वर पाणी. साधारण दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी अशी तीन वेळा उलथापालथ, आणि तीन महिन्यांत खत तयार. पऱ्हाट्या कठीण, लवकर कुजत नाहीत. त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली आपोआप चुरा होई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग करायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांनी मिश्रणाचे प्रमाण मोजून ठरवले: सुरुवातीला कर्ब साधारण तेहतीस भाग तर नत्र एक भाग. नुसत्या सुक्या पानांत कर्ब याहून पुष्कळ जास्त असतो, म्हणून नुसता सुका ढीग वर्ष-वर्ष तसाच राहतो. त्यात हिरवे गवत, शेण, स्वयंपाकघरातली देठे-साले मिसळली की गाडा चालू लागतो. शिरसीच्या माणसाने पान गाईच्या पायाखालून नेले त्यामागचे गणित हे होते.

१९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने या कामाचे पुस्तक काढले. शेतीतल्या टाकाऊ वस्तू आणि त्यांचे खत, असा विषय. मुखपृष्ठावर लेखक दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेच्या रसायनशाळेतले. कर्ब-नत्राचे प्रमाण काढणे हे रसायनशाळेचे काम, हे सांगायला नको. त्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन विलायतेला गेले, पुढे ‘सर’ झाले, १९४० मध्ये त्यांचा शेतीवरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. अमेरिकेत रोडेल यांनी त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, इंग्लंडात १९४६ मध्ये सॉइल असोसिएशन उभी राहिली. जगभर सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्डांचे नाव पहिल्या पानावर येते. वाडांचे नाव तळटिपेत. हॉवर्डांनी त्यांचे नाव झाकले नाही, पुस्तकावर बरोबरीने घातले. झाकले ते नंतर वाचणाऱ्यांनी. आपल्या स्मरणिकांतून संगीतातल्या, नाटकातल्या मराठी माणसांवर दरवर्षी लेख येतात, ते यावेतच. खताच्या खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या या मराठी रसायनशास्त्रज्ञावर मात्र मी अजून एकही लेख पाहिलेला नाही.

१९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही हे काम पाहिले आणि ‘हरिजन’मधून या पद्धतीची माहिती देशभर गेली. तिथून ती सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या हाती आली.

शेताचे झाले, शहराचे काय? ते उत्तर आपल्या आजच्या राज्याच्या राजधानीतून आले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये शहरी केरकचरा आणि मैला यांचे थर देऊन वरून चिखलाने लिंपून टाकण्याची रीत बसवली. यात वारंवार उलथायचे काम नाही. वेळ मात्र जास्त लागतो. पुस्तकांत इंदूर पद्धत आणि बंगळूर पद्धत ही जोडी एकत्रच येते. माझ्यासारख्या मराठी घरात वाढून कर्नाटक सरकारची नोकरी करणाऱ्याला त्या जोडीचे जरा विशेष वाटते, एवढे सांगून पुढे जातो.

दुसरा मुक्काम यवतमाळ जिल्ह्यातले पुसद. तिथल्या नारायण देवताव पांढरीपांडे या गांधीवादी शेतकऱ्याने वीट आणि माती यांची एक टाकी बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात, आणि त्यांना लोक नाडेपकाका म्हणत. आपल्याकडे सरकारी पत्रकांतही नाडेप शब्द कानडी लिपीत छापलेला असतो. वाचणाऱ्याला तो एखाद्या योजनेचा इंग्रजी संक्षेप वाटतो, त्यामागे पुसदचा एक माणूस आहे हे फार थोड्यांना माहीत असते. टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. नऊ इंची भिंत, पण विटांच्या थरांत ठरावीक अंतरावर भोके ठेवलेली, म्हणजे हवा चारी बाजूंनी आत जाते आणि उलथापालथ करावी लागत नाही. आत सहा इंच पालापाचोळा-काडीकचरा, त्यावर पाण्यात कालवलेले थोडेसे शेण, त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थरावर थर. वर शेण-मातीचा लेप. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरायचा. तीन ते चार महिन्यांत खत.

खरे महत्त्व प्रमाणात आहे. चौदा-पंधराशे किलो पाला आणि त्याहून जास्त माती, पण शेण फक्त शंभर किलोच्या आसपास. नाडेपकाकांनी गायीचे काम कमीत कमी शेणात आणि भिंतीतल्या भोकांत बसवले. ज्या घरात पहिले गिऱ्हाईक गेले आहे, त्या घरासाठी हा शोध होता.

तिसरा मुक्काम कोल्हापूर. श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जाळे विणले, त्यात तासगावकडचे द्राक्षबागाईतदार पुढे होते. शास्त्र शेतकऱ्याने स्वतः करून पाहायचे, निष्कर्ष एकमेकांना पत्राने कळवायचे, अशी त्यांची रीत. त्यांच्या ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकाने कित्येक शहरी माणसांना गच्चीवर नेले. पान म्हणजे उन्हाची फॅक्टरी आणि गळलेले पान म्हणजे साठवलेले ऊन, अशा हिशोबाने ते शिकवत. जमीन नसली तरी पालापाचोळा, उसाचा चोथा आणि थोडी माती पिशवीत भरून भाजी होते, हे त्यांनी दाखवून दिले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी हाच धागा पुढे नेला. नाडेपकाकांनी गायीचा प्रश्न सोडवला तर दाभोळकरांनी फरशीचा.

ही तिन्ही गावे आपल्यापासून फार लांब नाहीत, तिन्ही नावे आपल्याच भाषेतली. तरी धारवाडच्या मराठी घरात हे ज्ञान फिरून आले नाही, उलट इथे होते तेही गेले. कानडीत म्हण आहे, ‘हित्तल गिड मद्दल्ल’. परसातले झाड औषध वाटत नाही. इथे कृषी विद्यापीठ आहे, १९८६ पासून. त्याआधी १९४७ पासून शेतकी कॉलेज. सेंद्रिय शेतीची वेगळी शाखाही तिथे आहे. लोक विजापूर-गदगहून तिथे शिकायला येतात; आपण मुलाच्या मुंजीला लागणारी फुले तेवढी तिथल्या रस्त्याने जाऊन आणतो.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगायला हवी, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. अल्मित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याबद्दल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यातून २००० मध्ये पहिले नियम आले. २०१६ च्या घनकचरा नियमांत बागेतला पाला स्वतंत्रपणे आपल्याच आवारात साठवावा आणि रस्त्यावर जाळू नये असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. ‘आपल्याच आवारात’ हे शब्द वाचताना मला अमात्यांचा गड आठवला. तीनशे वर्षांनी सरकार पुन्हा तेच म्हणते आहे, फक्त जाळणे वगळून. रस्त्यावर जाळणाऱ्या पौरकार्मिकाला नावे ठेवणे सोपे आहे. आपण फाटकाबाहेर लोटलेल्या ढिगाचे त्याने एकट्याने काय करायचे, हे मात्र आपण त्याला कधी सांगितलेले नसते.

धारवाडच्या हवेत काय जमते, ते आता लिहितो. आपल्याकडे पानगळ मुख्यतः जानेवारी ते मार्च आणि पाऊस जूनमध्ये, म्हणजे सुके पुष्कळ असते तेव्हा हिरवे नसते, आणि हिरवे वाढते तेव्हा सुके भिजून गेलेले असते. म्हणून फेब्रुवारीत पाने गोळा करून ती साठवायची. तारेची गोल जाळी किंवा चुना-सिमेंट न लावता भोके ठेवून रचलेली तीन-तीन फुटांची विटांची चौकट, भिंतीपासून दोन हात दूर. थोडी पाने लगेच झाडांच्या आळ्यांत पसरायची; आपल्या तांबड्या मातीत एप्रिलच्या उन्हात चार बोटे पाल्याचे आच्छादन असले तर पाणी एका दिवसाऐवजी तीन-चार दिवसांनी घातले तरी चालते. खोडाला मात्र पाने चिकटू देऊ नयेत, वाळवी लागते. जून-जुलैत छाटलेले गवत, मेंदीच्या कुंपणाचे शेंडे, केळीचे पेटके यांचे तुकडे त्या साठवलेल्या पानांत थराथराने घालायचे, मधूनमधून शेणकाला किंवा आंबट ताकाचे पाणी. वर गोणपाट, म्हणजे श्रावणातली झड आत मुरून ढीग चिखल होत नाही. खड्डा करू नका. आपल्याकडे जूनमध्ये खड्ड्याचे तळे होते, आणि इंदूरकरांनीही पावसाळ्यात खड्डा टाळलाच होता.

सगळी पाने सारखी नसतात. चिंच, शेवगा, गुलमोहर यांची बारीक पाने झटकन जातात. आंबा आणि फणस जाड, चकचकीत. ती आधी पायाखाली किंवा फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटरच्या वाटेवर दोन दिवस पडू द्यावीत, पऱ्हाट्यांची युक्ती इथेही चालते. सागवानाचे पान फाडून टाकावे, नाहीतर थरांमध्ये छत्रीसारखे बसते आणि खाली पाणी जात नाही. निलगिरी शक्यतो वेगळी ठेवावी. नारळाच्या झावळ्यांचा नाद सोडून त्यांच्या हिरांचा खराटाच करावा. ढिगात साप येतो अशी भीती घरोघर ऐकू येते. ढीग दाराला लागून नसेल, दर पंधरा दिवसांनी हलवला जात असेल आणि त्यात शिळे अन्न पडत नसेल तर उंदीर येत नाहीत, आणि उंदीर नसले की सापालाही तिथे काम नसते.

गणपतीचे दिवस या हिशोबात अगदी मोक्यावर येतात. आघाडा, माका, शमी, डोरली, रुई, हादगा, मरवा, केवडा. एकवीस पत्रींतली बरीच आजही आपल्या परसात किंवा केळगेरीच्या वाटेवर मिळते. पूजेनंतर ही पत्री, दूर्वा, जास्वंद, हार, केळीचे खांब आणि नैवेद्याची पाने मिळून एका घरात दीड-दोन पाट्या ओले हिरवे जमते, आणि मंडळाच्या मांडवात त्याच्या कितीतरी पट. नेमकी याच वेळी फेब्रुवारीची सुकी पाने हिरव्याची वाट पाहत चौकटीत पडलेली असतात. हारातला दोरा, जर आणि प्लास्टिकची फुले तेवढी आधी काढायची. दुधा-तुपाचे निर्माल्य वेगळे ठेवायचे, त्याने मुंग्या लागतात. अनंतचतुर्दशीनंतर भरलेली चौकट तुळशीच्या लग्नाच्या सुमारास अर्धी खाली बसते आणि संक्रांतीपर्यंत वापरण्याजोगी होते. चाळून घ्यावी, वरचे जाड परत टाकावे. चाळणीखाली येते ती भुसभुशीत काळी माती. पावसात ओल्या झालेल्या रानासारखा तिचा वास असतो, आणि तोपर्यंत झाडे पुन्हा पाने गाळू लागलेली असतात.